ड्रायर नंबर दोनची दुखणी

मामा माणसांशी कधी खोटं बोलले नाहीत. खोटं बोलायचे ते फक्त संगणकाशी, आणि त्याला खोटं म्हणायला ते तयार नसत.

"माणसाला खोटं सांगितलं आन् नंतर त्याला कळलं, तर त्याच्या जिवाला लागतं," ते म्हणायचे. "ह्या डब्याला काय लागतंय? आपण टाकायचं, त्यानं गिळायचं."

आमचा कारखाना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत आहे. औषधांना लागणारी पावडर आम्ही बनवतो. मामा ड्रायर विभागाचे शिफ्ट इन्चार्ज होते आणि मी प्लॅनिंगमध्ये. कोणतं मशीन किती तास चाललं, किती तास बंद राहिलं आणि का बंद राहिलं, याचा महिन्याचा गोषवारा माझ्याकडे असतो. त्यामुळे त्यांच्या या तत्त्वज्ञानाची झळ सगळ्यांत आधी मलाच लागायची. कागदोपत्री त्यांचं नाव अर्थातच वेगळं होतं. पण मॅनेजरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे, म्हणून मीही इथे तेच लिहितो.

ते न्हावऱ्याहून मोटरसायकलवर यायचे. भीमेवरचा पूल ओलांडून चौफुल्याला, तिथून हायवेनं पाटस करून कुरकुंभ. हेल्मेटच्या आत डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. पाळी सुरू व्हायच्या बऱ्याच आधी पोहोचायचे आणि आल्या आल्या ड्रायर नंबर दोनवर तळहात ठेवायचे, म्हशीला ताप आहे का बघतात तसा. ठेवायचे, जरा थांबायचे, मग हात पँटला पुसून म्हणायचे, "हाय बरं." मशीन बंद असलं तरी हे चुकायचं नाही.

माणसांशी खोटं न बोलण्याचा त्यांचा नेम आम्हाला फार जड जायचा. एकदा बाहेरून ऑडिटर आले होते. सगळा विभाग लखलखीत केलेला. ऑडिटर खूश होऊन म्हणाले, "इथं नेहमीच एवढी स्वच्छता असते का?" मॅनेजरसाहेब होय म्हणणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "न्हाई हो. तुम्ही येणार म्हणून काल रात्रपाळीनं धुतलं." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ऑडिटर मात्र हसले आणि त्यांनी शेरा चांगला दिला. मामांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "त्यांनी इचारलं, मी सांगितलं," एवढंच.

असा माणूस संगणकात काय लिहायचा, ते आता सांगतो.

ड्रायर नंबर दोन हे जुनं, आडवं मशीन. पोटात फिरणारे दांडे, बाहेरून वाफेचं कवच. ओली पावडर वरून टाकायची आणि सुकली की खालून काढायची. एका पाळीला पाच-सहा माणसं लागतात. सगळी ठेकेदाराकडची, सगळी आसपासच्या गावांतली किंवा दौंडातली. आमच्या भागात दोन गोष्टी चुकवता येत नाहीत: गावची यात्रा आणि दहावा. दहाव्याला भावकी, पै-पाहुणे आणि सगळं गाव नदीवर जमतं. जो आला नाही त्याला कुणी काही बोलत नाही, पण कोण आलं नाही हे सगळ्यांच्या ध्यानात राहतं. ठेकेदाराला हे कळत नाही अशातला भाग नाही, पण त्याच्याकडे गैरहजेरी ती गैरहजेरी. हजेरीचा बोनस जातो आणि दोन-तीनदा झालं की माणूसच बदलला जातो.

म्हणून मामा माणसाला गैरहजर करायचे नाहीत. मशीनलाच बंद करायचे. मशीन बिघडलं म्हटल्यावर पाळीला सुट्टी देणं ओघानंच आलं. बुडालेलं काम तीच माणसं पुढच्या साप्ताहिक सुट्टीला येऊन भरून काढायची. मी आकडे बघणारा माणूस आहे. या कारणानं महिन्याचं उत्पादन कमी पडल्याचं मला एकदाही दिसलं नाही, हे नोंदवायला हवं.

बिघाड कोणता लिहायचा याचाही त्यांचा नियम होता. नातं जेवढं जवळचं, बिघाड तेवढा मोठा. आई, बाप, सख्खा भाऊ यांचा दहावा म्हणजे गिअरबॉक्स. चुलता, मामा, सासरा असेल तर व्हॅक्यूम पंप. गावची यात्रा म्हणजे बेल्ट तुटला. आणि रशीदसाठी स्टीम लीक. रशीद दौंडचा, ड्रायरवरचा सगळ्यांत जुना माणूस, पावडर बाहेर काढायच्या तोंडावर उभा राहायचा. त्याच्याकडे माणूस गेलं की त्याच दिवशी दफन, थांबायचं काम नाही आणि मागून दहावाही नाही. "त्याचं अचानक असतंय," मामा म्हणायचे, "म्हणून स्टीम लीक. स्टीम काय सांगून लीक होती व्हय?"

रशीद त्यांची चेष्टा करायचा. "मामा, मी मेल्यावर काय लिहिणार?"

"बॉयलर फुटला."

"मग आख्खी कंपनी बंद पडंल की!"

"पडू दे. एवढ्या येळा स्टीम लीक झाली म्हटल्यावर लोकांना वाटंलच, कवातरी फुटणार."

मी त्यांना अनेकदा सांगितलं. कॅन्टीनमध्ये, जिन्यावर, एकदा तर त्यांच्याच गावात पाहुण्यांच्या लग्नात भेट झाली तेव्हा मांडवात सुद्धा. म्हटलं, मामा, हे आकडे कुठेतरी साठतात. एक दिवस कुणीतरी बघेल.

"कोण बघतंय? तुम्ही बघता. तुम्हाला म्हाईत हाय."

"मी नाही, दुसरं कुणी."

"प्लॅनिंगवाले," ते मला नावानं कधी हाक मारत नसत, "इतकी वर्षं ह्यात आपण लिहितोय. त्यातली एक तरी ओळ कुणी वाचल्याचं तुम्हाला आठवतं का? लिहिल्यावर ते जातं कुठं?"

ते कुठे जातं हे मलाही नीट माहीत नव्हतं. मी महिन्याची बेरीज घ्यायचो आणि वर पाठवायचो. वरचे लोक तिचा तक्ता करून आणखी वर पाठवायचे. प्रत्यक्ष ओळी कुणी वाचत नव्हतं, हे मामांचं म्हणणं त्या काळापुरतं खरंच होतं.

मग कंपनीनं पुण्याच्या एका फर्मला काम दिलं. ऑफिसच्या भिंतीवर मोठा पडदा लागला. मशीनवर छोटे सेन्सर बसले. आणि आजवर आम्ही संगणकात जे जे टाकलं होतं ते सगळं, पहिल्या ओळीपासून, त्या नव्या प्रणालीला वाचायला दिलं. जुन्या नोंदींवरून शिकून कोणतं मशीन कधी बिघडणार ते ती आधीच सांगणार होती. हे काम बघायला एक मुलगी यायची, पंचविशीच्या आसपासची. आम्हाला सगळ्यांना ती काका म्हणायची आणि प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसायची. ही सवय मला फार आवडली. हल्ली दुर्मिळ आहे.

चैत्राच्या तोंडाला पडद्यावर ड्रायर नंबर दोनचा चौकोन पिवळा झाला. खाली ओळ होती: येत्या आठवड्यात बेल्ट तुटण्याची दाट शक्यता.

मी ती ओळ वाचली आणि कॅलेंडर काढलं. त्याच आठवड्यात ड्रायरवरच्या तिघांच्या गावची यात्रा होती.

यात्रेला माणसं गेली. मामांनी नेहमीप्रमाणे बेल्ट तुटल्याचं लिहिलं. दुसरं काय लिहिणार? आणि संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी सगळ्या ऑफिसात पेढे वाटले. प्रणालीचा पहिला अंदाज बरोबर आला होता!

मामा हातात पेढा धरून माझ्या टेबलाशी आले. खाल्ला नव्हता. "प्लॅनिंगवाले, ह्यानं आपली यात्रा ओळखली हो."

"ओळखली खरी."

"मला वाटलं, आपण विहिरीत तोंड घालून बोलतोय. खाली कुणीतरी बसून ऐकत व्हतं."

त्यानंतर त्यांची चुळबूळ सुरू झाली. पडद्यासमोरून जाताना आवाज खाली यायचा. एकदा मी त्यांना विनाकारण नोंद टाकताना पाहिलं: "आज मशीन ठणठणीत आहे." अशी नोंद टाकायला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "थोडं खरं बी त्याच्या पोटात जाऊ दे."

चैन मलाही नव्हतं. मी कारखान्यात एवढं बघितल्यावर घरी गप्प कसा बसणार? दौंडात मेडिकलवाला गोळ्या देताना मोबाईल नंबर विचारतो, मी आजवर देत आलो. किराण्याच्या दुकानात देतो, पेट्रोल पंपावर देतो. बायकोला म्हटलं, आपण महिन्याला साखर किती आणतो हे आपल्यापेक्षा दुसऱ्यालाच जास्त ठाऊक असेल. ती म्हणाली, "मग त्यालाच सांगा, डबा रिकामा झालाय म्हणून." तिचा विनोद चांगला होता. पण मी नंबर देणं बंद केलं, आणि ते बंद करून आता काय उपयोग, हाही विचार सुटला नाही.

पावसाळ्यानंतर अहवाल आला. सगळ्या कारखान्यात सर्वांत बेभरवशाचं मशीन कोणतं, तर ड्रायर नंबर दोन. शिफारस अशी, की ते मोडीत काढावं आणि नवीन स्वयंचलित ड्रायर घ्यावा. नव्याला पाळीला दोन माणसं पुरतात.

बाकीची माणसं कुठे जाणार, हे अहवालात नव्हतं. ते त्या अहवालाचं कामही नव्हतं.

मीटिंगला मॅनेजरसाहेब, मेंटेनन्सचे प्रमुख, ती मुलगी, मामा आणि मी होतो. मुलीनं आलेख दाखवले. मग ती म्हणाली, "सर, शिफारस आकड्यांवरून निघते तीच मी दिली आहे. पण दोन गोष्टी मला कळलेल्या नाहीत. हा गिअरबॉक्स इतक्या वेळा बिघडलाय, पण त्याचा एकही भाग स्टोअरमधून गेलेला नाही. आणि बेल्ट. हे बेल्ट पौर्णिमेच्या आसपास जास्त का तुटतात?"

मेंटेनन्सप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचंही गाव जवळच होतं.

साहेब म्हणाले, "मामा? तुमचं मशीन आहे. बोला."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना एका माणसानं प्रश्न विचारला होता, त्यामुळे उत्तर काय येणार हे मला ठाऊक होतं.

"साहेब, मशीनला कायबी झालेलं न्हाई. मशीन घोड्यावानी हाय. दुखणी माणसांची हायत, मी ती मशीनच्या नावावर लिहिली. पुनवंला यात्रा असत्यात, बाई. बेल्ट एकदाच तुटला व्हता, तो बी अमावस्येला."

मुलगी पटकन हसली आणि लगेच गंभीर झाली. साहेब हसले नाहीत. "म्हणजे इतकी वर्षं माणसं दांड्या मारत होती, आणि तुम्ही झाकत होता."

"दांडी न सांगता मारत्यात, साहेब. दहावा न सांगता येतो का? माणूस आज गेलं तर दहावा कवा, ते आजच कळतंय. मधी आख्खा आठवडा मिळतो. यात्रा तर पंचांगात छापलेली असती. तुमचा कुठला गिअरबॉक्स आठ दिवस आधी सांगतो, मी बंद पडणार हाय म्हणून?"

मग मुलगीच म्हणाली, "सर, हे बरोबर आहे. आधी कळत असेल तर हा बिघाड नाही, हे नियोजन आहे. आत्ता आपल्याकडे बंद पडण्याची कारणं चारच आहेत: यांत्रिक, विद्युत, कच्चा माल, मनुष्यबळ. पाचवं करू या. नियोजित बंद. आगाऊ कळवलं तर माणसावर ठपका नाही."

"किती आगाऊ?" साहेबांनी विचारलं.

"सात दिवस," मामा म्हणाले. आवाज खणखणीत. मीटिंग आपल्या बाजूनं फिरली हे त्यांना कळलं होतं. "सात दिवस आधी कळवू. शब्द हाय माझा."

ड्रायर वाचला, ड्रायरवरची माणसं वाचली. मामा वाचले नाहीत. खोट्या नोंदी ही कारखान्यात साधी गोष्ट नाही, औषधाच्या कारखान्यात तर नाहीच, आणि साहेबांना ते सोडून देता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी चौकशी लावली नाही, राजीनामा मागितला. हे मी त्यांच्या बाजूनं लिहितो. मामांनी तिथल्या तिथे लिहून दिला: खोट्या नोंदी केल्यामुळे नोकरी सोडत आहे.

साहेब म्हणाले, "अहो मामा, असं नाही लिहायचं. घरगुती कारणास्तव लिहा. तुमचेच हिशेब सरळ होतील."

"घरी काय झालंय? समदं बरं हाय. आता निघताना परत खोटं लिहू व्हय?"

शेवटी तो राजीनामा तसाच घेतला.

जाण्याआधी जुन्या नोंदी दुरुस्त करून द्यायच्या होत्या, कारण प्रणालीला खरं काय ते नव्यानं शिकवायचं होतं. मामा आणि ती मुलगी दोन दिवस मीटिंगच्या खोलीत बसले. मी मधून मधून चहाच्या निमित्तानं डोकावायचो.

"हा गिअरबॉक्स, काका?"

"दत्तूची आई."

"हा पंप?"

"पोपटचा सासरा. चांगला माणूस. बैल पारखायचा."

"हा गिअरबॉक्स?"

मामांनी डोळे बारीक केले. "हा खरा गिअरबॉक्स. त्या आठवड्यात कुणीच गेलेलं न्हाई."

ती प्रत्येक ओळीपुढे नवं कारण टाकत होती. काही वेळानं तिचा वेग कमी झाला. मला म्हणाली, "काका, विचित्र वाटतंय. मी हे सगळं वर्षभर रोज बघत होते. मला वाटलं, खराब मशीन आहे."

रशीदच्या घरच्या स्टीम लीकही त्याच ओघात गेल्या, नियोजितमध्ये. त्या नियोजित नव्हत्या. त्यांना सात दिवस कधीच मिळाले नव्हते. ज्या माणसानं त्यांच्यासाठी वेगळा बिघाड ठरवला होता, तोच सात दिवसांचा शब्द देताना त्यांना विसरला. मीही त्याच खोलीत बसलेला होतो. आम्ही सगळे दहाव्यावाले. दिवस मोजताना आमच्या डोक्यात आमचंच मोजमाप होतं.

मामा गेल्यावर काही महिने फार चांगले गेले, हे मला प्रामाणिकपणे म्हणायलाच हवं. कामगार मोबाईलवरून कळवायचे, परवानगी यायची, प्रणाली त्या दिवसाचं काम आधीच दुसऱ्या ड्रायरवर ढकलायची. उत्पादन वाढलं. खोटं कुणाला लिहावं लागत नव्हतं. माझा गोषवारा इतका सरळ यायला लागला की मीच दोनदा तपासायचो. ड्रायर नंबर दोनवर मात्र सकाळी कुणी हात ठेवत नव्हतं. गरजही नव्हती, सेन्सर होते.

मग रशीदचे वडील गेले. रेल्वेतून निवृत्त झालेले, दौंडात माझ्या घरापासून जवळच राहायचे, मी त्यांना ओळखत होतो. रशीद सकाळच्या पाळीला होता. फोन आला तेव्हा ड्रायर अर्धा भरलेला. त्यानं मोबाईलवर कारण लिहिलं: "वडील वारले, दफन आजच आहे." उत्तर आलं की सूचना सात दिवसांपेक्षा कमी मुदतीची असल्यानं नियोजित धरता येत नाही. तो अर्थातच गेला. कोण थांबेल? पुढे दोन महिन्यांत त्याची खाला, म्हणजे मावशी, गेली, बारामतीला. तेव्हाही तसंच. त्यानंतरच्या आठवड्याचं वेळापत्रक आलं, त्यात रशीदचं नाव नव्हतं. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, मी काढलं नाही, वरून यादीच तशी आली. साहेबांच्या ऑफिसात विचारलं तर तिथले म्हणाले, यादी प्रणाली करते, ज्यांचा भरवसा कमी त्यांना ती खाली टाकते, आणि जागा भरल्या की खालचे राहतात.

मला हे सरळ सांगता येत नाही, पण त्या दिवसांत मला एका जागी बसवेना. ज्याला जाऊन जाब विचारावा असा माणूसच सापडत नव्हता. प्रत्येक जण खरं बोलत होता.

रविवारी न्हावऱ्याला गेलो. मामा गोठ्यात होते. मला बघून त्यांनी चाऱ्याची पाटी खाली ठेवली. "प्लॅनिंगवाले! ड्रायर बरा हाय ना?"

"ड्रायर बरा आहे. रशीदला कामावरून काढलंय."

मी सगळं सांगितलं. सात दिवसांशी आलो तेव्हा ते हलले.

"माझा शब्द तो," ते म्हणाले. "मीच दिला." मग गोठ्यातून अंगणात, अंगणातून पुन्हा गोठ्यात, असं काही वेळ चाललं. त्यांच्या घरच्यांनी चहा आणला तो तसाच राहिला. एकदम त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्या मुलीला लावला. नंबर त्यांच्याकडे होता. आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"बाई, मी मामा. कुरकुंभचा. आपलं चुकलंय. ते स्टीम लीकचं येगळं पाहिजे व्हतं."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण ते काम आता माझ्याकडे नाही. मला दुसऱ्या कंपनीचं दिलंय. आणि तिथलं आता कुणी बघत नाही, ते रोजच्या नोंदींवरून आपोआप शिकतं. त्याला काही सांगावं लागत नाही."

"लागत नसंल. पण सांगायचं असंल तर कुणाला सांगायचं?"

मग ती म्हणाली, "तुमच्या मॅनेजरसाहेबांना. नियम बदलायचा अधिकार त्यांचा आहे. फक्त तो वापरता येतो याची त्यांना आठवण करून द्यावी लागेल. मी त्यांना मेल पण करते."

सोमवारी मी मामांना माझा पाहुणा म्हणून गेटमधून आत घेतलं. पासवर कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, "रशीदच्या कामाबाबत मॅनेजरसाहेबांची भेट." गेटवरच्या माणसानं ते दोनदा वाचलं आणि मामांना सलाम करून आत सोडलं.

साहेबांनी मामांना बघून खुर्ची दाखवली, चहा सांगितला. ते वाईट माणूस नाहीत. मुलीचा मेलही त्यांनी वाचला होता.

"मामा, मला कळतंय. पण मी कुणाला काढलेलं नाही. यादीत नाव आलं नाही, एवढंच झालंय. उद्या मी एकाचं नाव हातानं घातलं तर परवा दहा जण येतील."

मामा उभेच होते. "साहेब, मी खोटं लिहिलं, तुम्ही मला काढलं. बरोबर केलं. मी कुणाला बोललो न्हाई. रशीदनं खरं लिहिलं. बाप गेला म्हणून बाप गेला लिहिलं, त्याच दिवशी लिहिलं. त्याला कशापायी?"

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ड्रायर नंबर दोनचा चौकोन हिरवा होता.

"बघतो," ते म्हणाले. "वर विचारावं लागेल. तुम्ही या आता. मला थोडा वेळ द्या."

"घ्या की वेळ," मामा म्हणाले. "मला काय काम हाय? मी बसतो."

आणि ते समोरच्या खुर्चीवर बसले. टॉवेल काढून मांडीवर ठेवला. चिडून नाही, एसटीची वाट बघत बसावं तसे.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाळी सुरू झाली होती, गोषवारा जायचा होता, आणि आजवर मी टेबलावर उशिरा पोहोचलेलो नाही. भिंतीशी दुसरी खुर्ची होती. मी ती ओढून मामांच्या शेजारी घेतली आणि बसलो.